एकच पिस्तूल, पन्नास कारखाने

ऑडिओ ऐकायला वेळ नाही, बसमध्ये हेडफोन विसरलो, अशी तक्रार करणाऱ्यांसाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत. काही राहिलेच असतील, सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे स्वस्त पिस्तुलं. ती कुठे बनली, आणि कुठे बनली यावरून त्यांचा दर्जा ठरला का? तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअरवाल्या माणसाला पिस्तुलाचं काय पडलंय? मला पिस्तुलाचं काहीच पडलेलं नाही. मी आयुष्यात एकदाही हातात धरलेलं नाही आणि धरायची हौसही नाही. पण एक प्रश्न डोक्यात घुसला होता आणि त्याचं उत्तर शोधता शोधता मी इथे येऊन पोचलो.

झालं असं की काही महिन्यांपूर्वी रात्री साडेनऊचा क्लायंट कॉल चालू होता. एक बग निघाला होता. पलीकडून कुणीतरी अगदी सहज म्हणालं, "हे ऑफशोअर टीमचं काम आहे ना, मग असंच असणार." मी म्यूटवर होतो. म्यूटवरच चार शब्द बोललो, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. बग आमचा नव्हताच, हे दोन दिवसांनी सिद्ध झालं, पण तो मुद्दा वेगळा. त्याच आठवड्यात घरी मोबाइलचा चार्जर जळला आणि मी पटकन म्हणालो, "चायना माल, दुसरं काय होणार!" माझी धाकटी बहीण समोरच बसली होती. ती म्हणाली, "दादा, तू आणि तुझा तो क्लायंट, दोघं एकाच माळेचे मणी."

लागलं मला. मग ठरवलं, जरा मागे जाऊन बघू या. वस्तू कुठे बनली यावरून तिचा दर्जा ठरतो, हे खरं किती? आणि उदाहरण असं घ्यायचं की जिथे दर्जा घसरला तर नुसतं रिफंडवर भागत नाही. पिस्तूल तसं आहे. ते बिघडलं तर कुणाचा तरी जीव जातो. कधी चालवणाऱ्याचा, कधी समोर उभ्या असलेल्या भलत्याच माणसाचा.

तर चला, पहिला मुक्काम स्पेन.

स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रांतात, डोंगरांच्या बेचक्यात एइबार नावाचं एक गाव आहे. शेतीला सपाट जमीन जवळपास नाही. पण आसपास लोखंड होतं, ओढ्यानाल्यांचं वाहतं पाणी होतं आणि शेकडो वर्षं हत्यारं घडवणारे हात होते. आपल्याकडे एखाद्या गल्लीत तांबट, एखाद्या गल्लीत कासार असायचे, तसं इथे अख्खं गाव बंदूकवाल्यांचं. एक घर नळी करणार, दुसरं चाप करणार, तिसरा माणूस कानस घेऊन सगळं एकमेकांत बसवणार. मोठा कारखाना असा फारसा नाही, गल्लीबोळांत पसरलेल्या छोट्या छोट्या वर्कशॉपच जास्त.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियममधल्या एफएन या कंपनीनं जॉन ब्राउनिंग या अमेरिकी माणसाची पिस्तुलं बाजारात आणली. १९०३ चं त्यांचं मॉडेल बघून एइबारवाल्यांचे डोळे चमकले. भाग कमी, रचना सोपी. आणि स्पेनचा तेव्हाचा पेटंट कायदा असा की, परदेशी पेटंटवाल्यानं स्पेनमध्ये येऊन स्वतः ती वस्तू बनवली नाही, तर त्याच्या पेटंटला तिथे फारसा अर्थ उरत नसे. झालं! एइबारमध्ये ब्राउनिंगच्या नकला धडाधड निघायला लागल्या. त्यांतलंच एक पिस्तूल म्हणजे 'रूबी'. गाबिलोंदो ई उरेस्ती नावाच्या कंपनीनं ते १९१४ च्या सुमारास आणलं. ७.६५ मिलीमीटरची गोळी, मॅगझीनमध्ये ९ गोळ्या. त्या काळच्या अशा पिस्तुलात साधारण ७ असायच्या, त्यामुळे हे गिऱ्हाइकाला आकर्षण.

तोच पहिलं महायुद्ध सुरू झालं.

फ्रेंच सैन्याची पंचाईत झाली होती. लढाई खंदकांत अडकलेली. तिथे लांबलचक रायफल वळवायलासुद्धा जागा नसते, छोटं हत्यार हवं. फ्रान्सकडे १८९२ चं रिव्हॉल्व्हर होतं, पण ते पुरेना, आणि त्यांचे स्वतःचे कारखाने रायफली, तोफा, दारूगोळा यांतच बुडालेले. शेजारी स्पेन होता. तो युद्धात नव्हता, पिरेनीज डोंगर ओलांडला की आलाच. आणि त्याच्याकडे एक गाव होतं जिथे घरटी एक माणूस बंदूक जाणतो.

१९१५ मध्ये फ्रेंचांनी रूबी तपासून पाहिलं आणि ऑर्डर दिली, महिन्याला १०,००० पिस्तुलं. काही महिन्यांत आकडा ३०,००० वर गेला, आणि पुढे त्याहूनही वर.

आता सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना पुढची गोष्ट सांगायला नकोच. गाबिलोंदो कंपनीची एवढी ताकद नव्हती, म्हणून तिनं आणखी चार कंपन्यांना सोबत घेतलं. करार असा की प्रत्येकीनं महिन्याला किमान ५,००० पिस्तुलं द्यायचीच. कमी पडली तर दंड, जास्त बनवली तर तीही उचलू. माल तपासायची जबाबदारी गाबिलोंदोची. कागदावर सगळं व्यवस्थित दिसतंय ना? पण फ्रेंचांची भूक एवढी मोठी की लवकरच त्यांनी गाबिलोंदोला बाजूला ठेवून दुसऱ्या कंपन्यांशी थेट व्यवहार सुरू केले. त्या कंपन्यांनी पुढे आणखी कुणाकुणाला काम वाटलं. हळूहळू रूबीसारखं पिस्तूल बनवणाऱ्यांची संख्या पन्नासच्या आसपास गेली. युद्ध संपेपर्यंत फ्रान्सनं अशी सात लाखांहून जास्त पिस्तुलं घेतली.

दिसायला सगळी सारखी, नाव कुठलंही असो. पण अडचण कुठे निघाली? मॅगझीनमध्ये.

समजा तुम्ही फ्रेंच सैनिक आहात. तुमचं मॅगझीन चिखलात पडलं. शेजारच्या सैनिकाकडेही तसंच पिस्तूल आहे, त्यानं त्याचं जादा मॅगझीन तुम्हाला दिलं. तुम्ही ते मुठीत सरकवलंत, तर अर्ध्यात अडकलं. किंवा आत गेलं पण धरून राहिना. किंवा बसलं, पण गोळी नळीत नीट चढेना. कारण त्याचं पिस्तूल एका कंपनीचं आणि तुमचं दुसऱ्या. फरक कितीसा? केसभर. पण खंदकात केसभर फरक पुरतो.

शेवटी फ्रेंचांनी बनवणाऱ्यांना खूण करायला लावली. प्रत्येक कंपनीची दोन अक्षरं एका लंबगोलात, पिस्तुलाच्या सांगाड्यावरही आणि मॅगझीनच्या तळाशीही. म्हणजे जोडी लावताना अक्षरं जुळवून बघायची. आमच्या भाषेत सांगायचं तर बग दुरुस्त झालाच नाही, त्याच्यावर लेबल चिकटवलं.

दुसरी अडचण सेफ्टीच्या खिट्टीची. चामडी होल्स्टरमध्ये पिस्तूल घालता-काढताना घर्षणानं ती खिट्टी आपोआप सरकायची आणि पिस्तूल गोळी सुटायच्या तयारीत यायचं. कमरेला! मग बऱ्याच पिस्तुलांच्या वरच्या भागावर एक ठसठशीत बटणासारखा उंचवटा बसवला गेला, चामडं खिट्टीपासून लांब राहावं म्हणून. शिवाय काही वर्कशॉपनी वापरलेलं पोलाद मऊ होतं, चापाशी जोडलेले आतले भाग लवकर झिजायचे. पण हे सगळ्यांचं नव्हतं, आणि खरा मुद्दा तोच आहे. त्याच गावातली, त्याच डिझाइनची काही पिस्तुलं उत्तम होती. १९४० साली दुसरं महायुद्ध अंगावर आलं तेव्हाही फ्रान्समध्ये रूबी वापरात होती. आणि काही मात्र पहिल्याच हिवाळ्यात दगा देणारी.

हे वाचताना मला भोसरीतल्या काकांची आठवण झाली. माझे काका तीस वर्षं मशीन शॉपमध्ये होते, मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवायचे. मी त्यांना फोन करून रूबीची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं ते पोलादाबद्दल काही बोलतील. त्यांनी एकच विचारलं, "गेज कुणाकडे होता?"

गेज म्हणजे काय, तर मापाचा एक पक्का तुकडा. त्याची एक बाजू भोकात गेलीच पाहिजे आणि दुसरी जाताच कामा नये. बस्स! कारागीर कितीही हुशार असो, सकाळी मूड कसाही असो, गेज हो किंवा नाही सांगतो. काका म्हणाले, "अरे, कानस मारून बसवणारा फिटर वाईट नसतो. उलट तो फार चांगला असतो. पण तो एक भाग दुसऱ्या भागाला बसवतो, ड्रॉइंगला नाही बसवत. त्याचं काम त्याच्या टेबलावर शंभर टक्के बरोबर असतं."

मी हसलोच. कारण हे वाक्य आमच्या ऑफिसात रोज ऐकू येतं. 'माझ्या मशीनवर तर चालतंय!' एइबारचं प्रत्येक पिस्तूल त्याच्या स्वतःच्या मॅगझीनसोबत चालत होतं. साध्या गिऱ्हाइकाला त्यानं काही फरक पडत नव्हता, तो एकच पिस्तूल घेणार, त्याच्यासोबतचंच मॅगझीन वापरणार. लाखो नग घेणाऱ्या सैन्याला मात्र फरक पडत होता. पन्नास वर्कशॉपना एकच ड्रॉइंग आणि एकच गेज पुरवून, त्यावर कडक नजर ठेवायला जो वेळ लागतो तो युद्धात कुणाकडे नव्हता. दंड होता तो आकडा कमी पडला तर. जुळलं नाही म्हणून ज्याचं नुकसान होणार होतं, तो करारात कुठेच नव्हता. तो खंदकात होता.

बरं, मग एइबारच वाईट का? पुढचं ऐका.

युद्ध संपलं, ऑर्डरी थांबल्या. गावावर बेकारी आली. मग काय केलं त्या लोकांनी? ज्या लेथवर नळ्या व्हायच्या त्यांवर सायकलचे भाग व्हायला लागले. नळी ती नळीच, नाही का! ऑर्बेया ही आजची नावाजलेली सायकल कंपनी मुळात १८४० पासूनची बंदूकवाली. बीएच या सायकलच्या नावातली अक्षरं म्हणजे बेइस्तेगी एर्मानोस, अर्थात बेइस्तेगी बंधू. त्या बंधूंनी युद्धात रूबीच्या जातीची पिस्तुलं बनवली होती. १९२० मध्ये एइबारच्या धातूकामगारांनी आल्फा नावाची सहकारी संस्था काढली, सुरुवात हत्यारांनी केली आणि नंतर शिलाई मशीनवर वळली. शिलाई मशीन म्हणजे अचूकपणाची परीक्षाच. सुई केसभर इकडेतिकडे झाली तर टाका चुकतो.

पिस्तुलांचंही तसंच. एस्पेरान्सा ई उन्सेता ही कंपनी मूळची एइबारची, १९१३ मध्ये जवळच्या गेर्निकाला गेलेली. युद्धात तीही फ्रान्सला तसलीच पिस्तुलं देत होती. त्याच घराण्याच्या कंपनीचं आस्त्रा ४०० हे पिस्तूल १९२१ मध्ये स्पेनच्या सैन्यानं आपलं अधिकृत पिस्तूल म्हणून निवडलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानंही आस्त्राची पिस्तुलं विकत घेतली. मूळ रूबीवाल्या गाबिलोंदोनं पुढे 'यामा' नावानं पिस्तुलं काढली आणि ती जगभर खपली.

डोंगर तेच आणि माणसंही तीच, फक्त गिऱ्हाईक बदललं. आता घेणारा प्रत्येक नग तपासून घेत होता, आणि विकणाऱ्याचं स्वतःचं नाव त्यावर कोरलेलं होतं.

आता दुसरा मुक्काम अमेरिका.

१९६८ साल. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. देश हादरला आणि ऑक्टोबरमध्ये नवा बंदूक कायदा आला. त्यातलं एक कलम असं की, खेळ-शिकारीच्या कामाची नसलेली छोटी स्वस्त पिस्तुलं परदेशातून आणायला बंदी. तेव्हा पश्चिम जर्मनीहून, स्पेनहून, इटलीहून असा माल येत होता. लोकांच्या मनात समीकरण पक्कं होतं, स्वस्त म्हणजे परदेशी आणि परदेशी म्हणजे भिकार. आता गंमत बघा. रॉबर्ट केनेडींवर ज्या स्वस्त रिव्हॉल्व्हरनं गोळ्या झाडल्या ते आयव्हर जॉन्सन कंपनीचं होतं. म्हणजे अस्सल अमेरिकी, मॅसॅच्युसेट्सचं.

आणि कायद्यात एक फट होती. बंदी पूर्ण पिस्तुलांवर होती, सुट्या भागांवर नव्हती. रोम या जर्मन कंपनीचे भाग मग मायामीत येऊन जोडले जायला लागले. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर हल्ला झाला तो अशाच एका रिव्हॉल्व्हरनं. भाग जर्मनीचे, जोडणी मायामीची. आता सांगा, ते 'कुठे बनलं'? मला तर माझ्या लॅपटॉपच्या तळाचं स्टिकर आठवलं.

फट आणखी एक होती आणि ती फार मोठी होती. आयातीला जे निकष लावले ते देशात बनणाऱ्या पिस्तुलांना लागूच नव्हते. बाहेरून माल येणं थांबलं, मागणी तशीच राहिली. ती जागा भरून काढली लॉस एंजलिसच्या आसपासच्या काही मोजक्या कंपन्यांनी. १९७० मध्ये जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या मशीन शॉपवाल्यानं रेव्हन आर्म्स काढली. पुढे त्याच्या मुलानं जेनिंग्ज फायरआर्म्स आणि मग ब्रायको, जावयानं डेव्हिस, मुलाच्या मित्रानं लॉर्सिन. आपल्याकडे एका घरातून चार दुकानं निघतात, अगदी तसं. गॅरेन विन्टेम्यूट या डॉक्टरांनी १९९४ मध्ये या कंपन्यांवर अहवाल लिहिला आणि त्यांना नाव दिलं, 'रिंग ऑफ फायर'. लॉस एंजलिसभोवतीची आगीची कडी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बनणाऱ्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरपैकी जवळपास एक तृतीयांश या कडीतून येत होती.

इथेच का? कारण त्या भागात जस्ताचं डाय-कास्टिंग करणारी वर्कशॉप भरपूर होती. या पिस्तुलांचा सांगाडा आणि वरचा सरकता भाग पोलादाचा नव्हताच, झमॅक नावाच्या मिश्रधातूचा होता. जस्तात थोडं ॲल्युमिनियम, थोडं तांबं वगैरे. तो ४०० अंशांच्या आतच वितळतो, पोलादाला १५०० च्या आसपास लागतात. साच्यात ओतला की भाग तयार. नळाच्या मुठी, कार्बुरेटर, लहान मुलांच्या धातूच्या खेळण्यातल्या गाड्या यातच बनतात. म्हणून तर रेव्हनचं पिस्तूल साठ-सत्तर डॉलरच्या घरात मिळायचं.

काकांना विचारलं तर म्हणाले, "झमॅक वाईट नाही रे. तीस वर्षं तेच ओतलं. पण कुठे किती जोर येणार ते बघून जाडी ठेवायला लागते." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एक गोष्ट, जी वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ गच्चीवर जाऊन उभा राहिलो होतो. अमेरिकेत ग्राहकांच्या वस्तूंची सुरक्षितता बघणारी सरकारी संस्था आहे. १९७२ च्या कायद्यानं ती आली. टोस्टर, पाळणे, खेळणी, सगळं तिच्या अखत्यारीत. पण बंदुका त्या कायद्यातून वगळल्या. म्हणजे खेळण्यातलं पिस्तूल सुरक्षित आहे का ते सरकार बघणार, खरं पिस्तूल सुरक्षित आहे का ते कुणीच नाही.

१९९४, कॅलिफोर्निया. घरात एक ब्रायकोचं पिस्तूल होतं. कुटुंबाच्या ओळखीचा विशीतला एक मुलगा त्यातली गोळी काढून ते रिकामं करू पाहत होता. कुणाला इजा होऊ नये म्हणूनच. पण त्या पिस्तुलाची रचना अशी होती की नळीतली गोळी बाहेर काढायची तर सेफ्टी आधी उघडावी लागे. म्हणजे सुरक्षित करण्यासाठी आधी धोक्यात आणा! गोळी सुटली. समोर ७ वर्षांचा मुलगा होता. तो मानेपासून खाली कायमचा लुळा झाला.

खटला चालला. मुलाच्या बाजूचं म्हणणं होतं की आधीच्या रचनेत पिस्तूल अडकायचं, ती अडचण झाकण्यासाठी कंपनीनं सेफ्टीची ही रचना केली. २००३ मध्ये ज्यूरीनं कंपनी आणि तिच्याशी संबंधित लोकांच्या वाट्याला सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई लावली. कंपनीनं लगेच दिवाळखोरी जाहीर केली. २००४ मध्ये कारखान्याचा लिलाव झाला. तो मुलगा आता सतरा वर्षांचा. त्यानं लोकांकडून पैसे गोळा करून लिलावात बोली लावली. कशासाठी, तर कारखाना विकत घेऊन बंद करायचा आणि उरलेली पिस्तुलं वितळवून टाकायची म्हणून. तो हरला, अगदी थोडक्यात. पाच लाख डॉलरच्या थोडी वर बोली लावून कारखाना घेतला तो तिथल्याच जुन्या फोरमननं. पुढे नाव बदललं, बस्तान नेवाडा राज्यात हललं आणि उत्पादन सुरूच राहिलं.

नेवाडाच का? कारण कॅलिफोर्नियानं तोवर कायदा केला होता. १९९९ मध्ये मंजूर, २००१ पासून लागू. पिस्तूल विकायचं किंवा बनवायचं असेल तर आधी चाचणी पास करा. एका मॉडेलचे तीन नग घ्यायचे, प्रत्येकातून ६०० गोळ्या झाडायच्या. अडखळणं ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की नापास. मग साधारण एक मीटरवरून काँक्रीटवर पाडायचं आणि गोळी सुटली की नापास. ही चाचणी वाचून मी काकांना फोन केला आणि म्हणालो, "काका, गेज सापडला." पण त्यांची फी भरणारा तो मुलगा होता. आणि त्याच्यासारखे किती, जे कुठल्या खटल्यापर्यंत पोचलेही नसतील.

आता मघाचं काकांचं वाक्य काढा. जाडी ठेवायला लागते. ओहायो राज्यात मॅन्सफील्ड नावाच्या गावी हाय-पॉइंट नावाची कंपनी आहे, १९९० च्या दशकातली. तिची पिस्तुलंही स्वस्तातली, वरचा सरकता भाग झमॅकचाच. पण तो भलामोठा आणि जड केलेला, जोर सोसावा म्हणून. पिस्तूल विटेसारखं दिसतं, अमेरिकेत त्याची यथेच्छ टिंगल होते. खिशात मावत नाही. पण कंपनी आयुष्यभराची वॉरंटी देते, आणि तीही पिस्तुलाला. मालक पहिला असो की पाचवा, बिघडलं की कंपनी दुरुस्त करून देणार. आता विचार करा, अशी वॉरंटी दिलेल्या मालकाला भिकार भाग बसवणं परवडेल का? बसवला तर तो पोस्टानं परत त्याच्याच टेबलावर येणार.

देश तोच, धातू तोच, किंमतही साधारण त्याच घरातली, आणि निकाल मात्र वेगळा.

इथे एक कबूल करतो. हा भाग लिहिताना मध्येच मला अपराधी वाटायला लागलं होतं. दर्जेदार पिस्तूल म्हणजे तरी काय? जे न अडखळता माणूस मारतं ते? किंग आणि केनेडी यांच्यावर झाडलेली हत्यारं बिघडली असती तर बरंच झालं असतं. त्यामुळे 'चांगलं पिस्तूल बनवा' हा माझा निष्कर्ष अजिबात नाही, स्वस्त चांगलं तर मुळीच नाही. मी पिस्तूल निवडलं कारण त्यात दर्जा लपत नाही. चार्जर जळला तर मी शिव्या देऊन दुसरा घेतो. इथे किंमत एका सात वर्षांच्या पोरानं मोजली.

मग मूळ प्रश्नाचं उत्तर? जागेनं फरक पडतो का?

पडतो. पण आपण समजतो तसा नाही. जागेमुळे हे ठरतं की तिथे कुठली कौशल्यं आणि कुठला धातू हाताशी आहे. एइबारला कानस होती म्हणून पिस्तुलं हातानं बसवलेली, लॉस एंजलिसला साचे होते म्हणून ती ओतलेली. तिथला कायदा काय बघतो आणि कशाकडे डोळेझाक करतो, हेही जागेमुळे ठरतं. पण माल वाईट निघतो तो गावाच्या नावामुळे नाही. तो निघतो जेव्हा बिघाडाची किंमत बनवणाऱ्याला मोजावी लागत नाही, विकत घेणाऱ्यालाही दिसत नाही, आणि तिसराच कुणीतरी मोजतो. एइबारला फक्त आकडा मोजला जात होता. लॉस एंजलिसला तर कुणी काहीच मोजत नव्हतं.

काल पुन्हा साडेनऊचा कॉल होता. पुन्हा कुणीतरी कुठल्याशा टीमवर घसरलं, या वेळी ती टीम आमच्या हाताखालची, दुसऱ्या शहरातली. माझ्या जिभेवर 'त्यांचं असंच असतं' आलंच होतं. गिळलं. म्हणालो, "त्यांना आपण टेस्ट केसेस दिल्या होत्या का?" कॉलवर शांतता. दिल्या नव्हत्या. देणारा मीच होतो.

काकांनी त्यांचा एक जुना गेज मला दिलाय. माझ्या डेस्कवर कीबोर्डशेजारी ठेवलाय. एका बाजूला 'गो', दुसऱ्या बाजूला 'नो गो'. ऑफिसातले लोक विचारतात, हे काय आहे, पेपरवेट का? मी हो म्हणतो. खरं सांगायला अर्धा तास लागतो, आणि आता तो अर्धा तास तुम्ही ऐकलाच आहे.

तुमच्या कामात असं कधी झालंय का, की दोष जागेवर किंवा माणसांवर ढकलला आणि नंतर कळलं की गेजच नव्हता? व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवीन. बहिणीचा नको, तिचा आधीच आलाय.

भेटू. काळजी घ्या.